सालेकशाच्या संगणकातला पंखा

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुमची नजर वर छताकडे जाते. मी तिथे नाही. संगणकाच्या पत्र्याच्या डब्यात, प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा तळहाताएवढा जुना पंखा आहे मी. मला सात पाती होती. आता सहा आहेत.

संगणकाचं सगळं डोकं प्रोसेसर चालवतो, आणि काम करता करता सणकून तापतो. ती उष्णता त्याच्यावर बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये चढते. त्या पट्ट्यांतून वारा घालून ती बाहेर काढायची, एवढंच माझं काम. मी थांबलो तर प्रोसेसर जळू नये म्हणून संगणक आपोआप बंद होतो.

माझा कारखाना कुठला, ते मला माहीत नाही. मला आठवतं ते २००४ सालचं गोंदियातलं एक दुकान. तिथल्या नंदलाल मेकॅनिकने प्रोसेसरवर राखाडी पेस्टचा पातळ थर दिला आणि वर पट्ट्यांसकट मला बसवलं. समोर रत्नपाल उभा होता. डी.एड. होऊनही नोकरी न लागलेला, सालेकशाला टायपिंगचं दुकान टाकायला निघालेला माणूस.

"भाऊ, हर दो-तीन महिने में खोलके ब्रश मारना," नंदलाल म्हणाला. "धूल जमी तो पंखा घूमेगा, पर हवा नहीं जाएगी. और ये पेस्ट सूख गई तो मेरे पास ले आना."

रत्नपालने मान डोलावली आणि पहिली तीन वर्षं शब्द पाळला. रंगाच्या ब्रशने तो एकेक पातं पुसायचा. त्याची बायको अल्का लोकांना कौतुकाने सांगायची, "आमचा कंप्युटर कधी बिघडलाच नाही." जातीच्या दाखल्याचे अर्ज, लग्नपत्रिका, भीमजयंतीची पत्रकं, सगळं त्या संगणकावर झालं. माझं नाव कोणी घेतलं नाही, पण मी सुखात होतो.

मग शेजारी राईस मिल सुरू झाली. धानाच्या कोंड्याची बारीक धूळ दाराखिडक्यांतून आत येऊ लागली. टेबलावरची धूळ अल्का रोज पुसायची, डब्यातली कोणी पुसायचं नाही. दुकानात गर्दी वाढली होती आणि ब्रश कुठे पडला होता कोण जाणे. पट्ट्यांच्या फटी कोंड्याने गच्च भरल्या. माझ्या आसातलं तेल सुकलं आणि मी कण्हू लागलो.

"थो आवाज कायचा होऊन राहिला?" अल्काने विचारलं.

"जुना झाला आता. काही होत नाही त्याले," रत्नपाल म्हणाला.

पुढे संगणक मधेच बंद पडायला लागला. रत्नपालने काय केलं, तर डब्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. थोडे दिवस बरं गेलं. पण त्या वाऱ्याबरोबर कोंडाही थेट माझ्या अंगावर येऊ लागला.

२०१०चा मे महिना. दुपारी दोनला अंजनाबाई आल्या. गावातल्याच, चौतिशीच्या. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनी रोजी करून दोन भावांना शिकवलं. भाऊ मार्गी लागल्यावर स्वतः बाहेरून बारावी झाल्या. त्यांना नर्स व्हायचं होतं. परिचारिका प्रशिक्षणाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, आणि त्या दिवशी पाच वाजता मुदत संपत होती. पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या.

"जयभीम रत्नपालभाऊ. सगळे कागद आणले. आता तुमच्याच हाती आहे."

अर्जाची दोन पानं भरली. तिसऱ्या पानावर पडदा काळा झाला. मी फिरत होतो, पण वारा पट्ट्यांत शिरतच नव्हता. रत्नपालने पुन्हा चालू केलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. पुन्हा अंधार.

"का झालं भाऊ?"

रत्नपालने झाकण काढलेल्या बाजूने आत पाहिलं. मला पाहिलं. त्याला सगळं कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"व्होल्टेज कमी आहे," तो म्हणाला. "येते आता."

तेव्हा तीन वाजले होते. त्याच वेळी उठून दोघं जवळच्या आमगावला दुसऱ्या दुकानात गेले असते, तर अर्ज भरला गेला असता. पण तसं म्हणायचं, तर आपला संगणक का बिघडला तेही सांगावं लागलं असतं. तो फुंकर मारत राहिला, पेन्सिलीने कोंडा उकरत राहिला. पेन्सिल अडकली आणि माझं एक पातं मोडलं. मी थांबलो.

साडेचारला अंजनाबाईंना मागे बसवून त्याने मोटारसायकल काढली. आमगावला पोचेपर्यंत पाच वाजून गेले होते आणि अर्जाचं पान बंद झालं होतं. ते दोघं परतल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला हे कळलं. अंजनाबाई रडल्या नाहीत. कागद पिशवीत घालता घालता एवढंच म्हणाल्या, "मायंच नशीब करंटं, भाऊ. तुमी तं लय धडपड केली."

रत्नपालने डब्याचं झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नंदलालने नवा पंखा बसवला, नवी पेस्ट लावली. मला रत्नपालने फेकलं नाही, टेबलावर ठेवलं. अंजनाबाई गोंदियाला एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून लागल्या. नर्स मुलींनी वापरलेली भांडी धुवायची, फरशी पुसायची.

दोन वर्षांनी त्या झेरॉक्स काढायला आल्या. रत्नपाल कागद घेऊन मशीनपाशी गेला आणि बटण न दाबताच परतला. मग मला उचलून त्यांच्यापुढे ठेवत म्हणाला, "बाई, त्या दिवशी व्होल्टेज बरोबर होतं. ह्या पंख्यात कोंडा भरला होता. म्या साफ केला नव्हता. अन् तीन वाजताच मले समजलं होतं."

अंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पंखा बंद पडते, भाऊ. थे मी समजून घेतलं असतं," त्या हळू बोलल्या. "पण दोन वर्सं मी सोताले करंटी म्हणून राहिली. तुमच्या समोरच म्हटलं होतं मी थे. काऊन नाही सांगितलं?"

त्या झेरॉक्स न घेताच निघून गेल्या. त्यानंतर त्या या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शाळेत संगणक असेल, तर वीज बंद करून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन त्याचा डबा उघडा. पट्ट्यांतली धूळ मऊ ब्रशने काढा. पंखा कण्हत असेल तर तो बदला, त्याच्यावर दुसरा वारा सोडू नका. आणि हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी, वेळ हातात असताना सांगा. अंजनाबाईंना तीन वाजता खरं कळलं असतं, तर त्या रत्नपालवर भडकल्या असत्या, भांडल्या असत्या, आणि धावत आमगावला गेल्या असत्या.