शंभर फेऱ्यांचा दगड

मित्रांनो, इसोमी गावच्या देवळाची लाकडी कमान ओलांडून आत आलात, की डाव्या हाताला तुमच्या कमरेइतका उंच एक चौकोनी दगड दिसेल. तो मी. मी देव नाही, देवाच्या दारातला राखणदार सिंहही नाही. माझ्या अंगावर फक्त दोन शब्द कोरलेले आहेत : 'शंभर फेऱ्या'.

मला याहेई नावाच्या पाथरवटाने घडवले. एका वादळात गावच्या अकरा होड्या भरकटल्या होत्या आणि चौथ्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या परत आल्या. त्या आनंदात कोळ्यांनी मला डोंगरातून ओढत आणले. याहेईचा धाकटा भाऊ त्यातल्याच एका होडीवर होता, म्हणून याहेईने माझ्या कडा फार मन लावून घासल्या. "वळसा घालताना कोणाची बाही अडकायला नको," असे तो म्हणे.

माझे काम सोपे होते. ज्याच्या मनात मोठे मागणे असेल त्याने कुंडावर हात धुवायचे, चूळ भरायची आणि अनवाणी माझ्यापासून निघायचे. गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, परत येऊन मला वळसा घालायचा. अशा शंभर फेऱ्या. मोजणी चुकू नये म्हणून माझ्या डोक्यावर एक पेटी होती आणि तिच्यात बांबूच्या शंभर पट्ट्या. दर फेरीला एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवायची.

नाना तऱ्हेची माणसे आली. एकदा गावचा दारूभट्टीवाला आला. जावयाची दारू सुटावी म्हणून! चाळिसाव्या फेरीनंतर तो दमला आणि एकदम तीन-तीन पट्ट्या सरकवू लागला. त्याची बायको कमानीपाशी उभी होती. "अहो, देवालाही मोजता येतं बरं का!" ती ओरडली. बिचाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आजारी माणूस उठून बसला, होडी किनाऱ्याला लागली, की लोक येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवत. "उपकार झाले," म्हणत. खरे सांगतो, मला ते फार आवडे. हळूहळू मला वाटू लागले की हे सगळे माझ्यामुळेच होते.

मग लढाई आली. आधी समुद्रापलीकडे, दूर कुठेतरी. पुढे ती इतकी वाढली की दर महिन्याला गावातली पाच-सहा मुले पट्टे बांधून माझ्यासमोर रांगेत उभी राहू लागली. पुजारी इवाकिरी त्यांच्या डोक्यावर कागदी झालरींची काठी फिरवून मंत्र म्हणत, लोक झेंडे हलवत आणि मुले खाली बंदराकडे जात. काही दिवसांनी देवळातला काशाचा घोडा तोफांसाठी नेला. दिवे नेले, साखळ्या नेल्या. मला कोणी हात लावला नाही, कारण माझ्यात धातू नव्हता. बांबूच्या पट्ट्या मात्र एका हिवाळ्यात कोणाच्या तरी चुलीत गेल्या.

त्याच हिवाळ्यात तोकुनो येऊ लागली. ती विधवा होती. किनाऱ्यावर दोऱ्या बांधून समुद्रातले शेवाळ वाळवायची. खारट पाण्याने तिच्या टाचा चिरलेल्या होत्या. तिचा एकुलता एक मुलगा एइकिची सैन्यात गेला होता. पट्ट्या नव्हत्या, म्हणून ती बाहीत शंभर शिंपले घेऊन यायची आणि दर फेरीला एक माझ्या डोक्यावर ठेवायची. रोज पहाटे. बर्फावर तिच्या पावलांच्या मागे बारीक लाल ठिपके उमटत.

एके दिवशी महिला मंडळाची प्रमुख मासूबाई पांढरा झगा घालून आणि आडवा पट्टा लावून कमानीत उभी राहिली.

"काय गं तोकुनो, रोज रोज काय मागतेस एवढं?"

तोकुनो थांबली.

"आपण जिंकावं म्हणून चालतेस, की तो परत यावा म्हणून?" मासूबाईने आवाज चढवला. "माझा मोरिओही लढायला गेलाय. मी चालते का अशी पाय फोडून? बाकीच्या आया बघ, ताठ मानेनं फिरतात. तुझ्या एकटीचंच पोर सोन्याचं लागून गेलंय का?"

पुजारी झाडू घेऊन पुढे आले. "मासूबाई, मीच तिला सांगितलंय. विजयासाठी चालते ती."

"असं होय? मग ठीक आहे," मासूबाई म्हणाली आणि गेली. तिचा विश्वास बसला नव्हता. तोकुनोने पुजाऱ्यांकडे पाहिले, मान लववली आणि पुन्हा चालू लागली.

फुलांच्या दिवसांत एइकिची परत आला. पांढऱ्या कापडात बांधलेल्या लाकडी पेटीतून. रीतीप्रमाणे पेटी आधी देवळात आणली. मासूबाई सगळ्या बायकांना घेऊन आली होती. "अभिमानाची गोष्ट आहे, तोकुनो," ती म्हणाली. तोकुनो म्हणाली, "हो." तिने हसायचे तितके हसून दाखवले. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ बसली. पेटी हलवली तर आत काहीतरी खडखडले. तिने झाकण उघडले. आत हाड नव्हते, केस नव्हता. अस्थींच्या जागी अंगठ्याएवढा एक खडा होता. माझ्याच जातीचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कालवांचे शिंपले फोडायचा हातोडा घेऊन आली.

"शंभर म्हणाला होतास ना?" ती मला म्हणाली. "मी आठ हजार चालले!"

आणि तिने घाव घातला. याहेईने इतक्या प्रेमाने घासलेला माझा उजवा कोपरा तुटून उडाला. तिने आणखी दोन घाव घातले. पुजारी दारात उभे होते. ते तिला अडवायला आले नाहीत.

हात दुखले तेव्हा तिने हातोडा टाकला. "पुजारीबाबा, माझं काय चुकलं? एखादी फेरी कमी पडली का?"

"तुझं काही चुकलं नाही, बाई." पुजारी पायऱ्या उतरून तिच्याजवळ आले. "तो दगड आहे. त्याला काय कळतंय? मला तर कळत होतं. मला कळत होतं आणि तरी मी मंत्र म्हणून तुझ्या पोराला पाठवलं."

मित्रांनो, त्या दिवशी कोपऱ्याबरोबर माझा गर्वही गेला. मी कधीच कोणाला काही दिले नव्हते. मी फक्त वळायची जागा होतो.

त्याच उन्हाळ्यात लढाई संपली. आपण हरलो. काही मुले परतली, मोरिओची मात्र काहीच खबर नव्हती. थंडी पडू लागली तेव्हा एके सकाळी मासूबाई आली. अंगावर पट्टा नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिले, चपला काढल्या आणि चालू लागली. जवळ ना पट्ट्या, ना शिंपले. बोटांवर मोजत होती. मध्येच तिला रडू फुटे, बोटे सुटत, आणि ती थांबून पुटपुटे, "पन्नास… की साठ? देवा, किती झाल्या?"

शेवाळाची टोपली पाठीवर घेतलेली तोकुनो कमानीच्या खांबाआड पहिल्या फेरीपासून उभी होती. मासूबाईला ती दिसली आणि तिचा चेहरा उतरला.

"हसायला आलीस ना? हस. माझं तोंड बंद आहे आता."

तोकुनोने टोपली खाली ठेवली.

"सत्तावन्न झाल्या," ती म्हणाली. "मी मोजत होते."

मासूबाईने बाहीने डोळे पुसले.

"चला, पाय गार पडतील. थांबलं की जास्त दुखतात." तोकुनो माझ्या तुटक्या कोपऱ्याशेजारी बसली. मासूबाई वळसा घालून गेली, की ती मोठ्याने म्हणे, "अठ्ठावन्न." मग, "एकोणसाठ." शंभर होईपर्यंत ती जागची उठली नाही. आणि दुसऱ्या दिवशीही आली.

तिसऱ्या हिवाळ्यात मोरिओ परतला. बर्फाळ मुलखातल्या कैदेत त्याच्या पायाची चार बोटे गेली होती. आईने त्याला देवळात आणले. तोकुनो तिथेच होती. त्याने तिच्यापुढे गुडघे टेकले.

"ऊठ, बाळा," ती म्हणाली. "खाली गारठा आहे."

मायलेक पायऱ्या चढून गेले. तोकुनो माझ्या मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशी उभी राहिली. तिने माझ्यावर डोके टेकले. तिला आनंद झाला होता का? मी तिच्या इतक्या जवळ होतो, तरी मला ते सांगता येणार नाही.

आता ती सगळी माणसे गेली. माझ्यावर हिरवे शेवाळ चढले आहे. पाहुणे गाड्यांतून येतात. शेजारी एक पाटी लावली आहे, तिच्यावर लिहिले आहे की माझा कोपरा भूकंपात तुटला. तो चोळला की परीक्षा चांगली जाते, असेही कोणीतरी पसरवले आहे. मुले येतात, चोळतात, हसत फोटो काढतात. कोपरा गुळगुळीत होत चालला आहे.

मित्रांनो, तो चोळू नका. तिथे एका आईचा हात लागला आहे, तेवढा तरी राहू द्या. माझी निगा राखली नाही तरी चालेल, मला पावसाची सवय आहे. पण इथे कधी कोणी अनवाणी, मुकाट्याने चालताना दिसले, तर कशासाठी असे विचारू नका. वाट सोडून बाजूला बसा आणि मनातल्या मनात मोजत राहा. त्या माणसाची मोजणी चुकली, तर पुढचा आकडा तुम्हाला सांगता आला पाहिजे.