दोन चरे

"बारामतीत तीन दुकानं पालथी घातली, भाऊ. एका दुकानातल्या पोरानं तर विचारलं, हे काय असतं म्हणून."

असं म्हणत त्या बाईनं काउंटरवर टॉवेलाची घडी उलगडली. आत कागदी पाकिटात एक डीव्हीडी होती. पाकिटावर निळ्या शाईत झुंबरच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'लासुर्णे, शुभविवाह, २०११.'

झुंबरनं ती बाहेर काढली आणि सवयीनं उजेडात तिरकी धरली. चकतीवर रंग हलले आणि त्या रंगांतून दोन बाकदार चरे वर आले. एक आखूड, एक लांब. इतक्या वर्षांत त्यानं हजारो चकत्या हाताळल्या होत्या, पण हे दोन चरे त्यानं डोळे झाकून बोटानं ओळखले असते.

"दादासाहेबांच्या घरच्या का तुमी?" त्यानं विचारलं.

"व्हय. मी रेश्मा, त्यांची सून. लगीन माझंच हाय त्यातलं." ती स्टुलावर टेकली. सासऱ्यांना ती मामा म्हणत होती, सासूला आत्या. "मामा गेलं शिमग्याच्या आधी. आत्या रोज उठून म्हणत्यात, फोटू हाय, पर फोटूत माणूस हलतं का? मामा वरातीत नाचलं हुतं. उभ्या जल्मात एकदाच. ते ह्याच्यात हाय. तेवढं निघालं तर बघा."

"ठेवून जावा. दोन-चार दिसांनी सांगतो."

"न्हाय. मी बसते हितंच. पुन्यांदा तिला कायबी झालं तर माझ्यावरच यायचं."

झुंबरनं मान खाली घातली आणि उगाच काउंटर पुसायला घेतलं.

भवानीनगरात त्याला अजून शूटिंगवाला झुंबर म्हणत, पण शूटिंग बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती. आता दुकानात झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म चालत. अधूनमधून कुणी जुन्या लग्नाची डीव्हीडी पेनड्राइव्हवर घालून घ्यायला येई, तेव्हा तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर चालू करी.

दोन हजार अकराच्या वैशाखात मात्र त्याला पाणी प्यायला सवड नव्हती. लोणी भापकरपासून इंदापूरपर्यंत लग्नंच लग्नं. मेंढरांमागं हिंडलेल्या बापाचा हा पोरगा खांद्यावर कॅमेरा घेऊन मांडवात शिरला की भलेभले बाजूला होऊन वाट देत. त्याला त्याचं फार अप्रूप होतं. टेपा मोजक्या होत्या. एका लग्नाचं मिक्सिंग झालं की तीच टेप पुढच्या लग्नाला. कॉम्प्युटरमधली जागा सारखी भरे, म्हणून डीव्हीडी मारली की मूळ फाइल उडवायची. मारलेली डीव्हीडी नीट उतरली का, हे तपासायची सोय त्याच्याकडं होती. तिला पंधरा मिनिटं जादा लागत. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात झुंबरनं ती बंद करून टाकली.

लासुर्ण्याची डीव्हीडी राइट करायला लावून तो एका साखरपुड्याला गेला होता. परतला तेव्हा लाइट जाऊन आलेली होती, आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू होऊन बसला होता. त्यानं चकती काढून पाहिली. राइट झाल्याचा गडद पट्टा जवळजवळ कडेपर्यंत आला होता. झालं असणार, असं म्हणून त्यानं ती पाकिटात घातली आणि फाइल उडवली. टेपेवर दुसऱ्याच दिवशी कुणाची तरी हळद चढली.

डीव्हीडी घरी गेल्यावर आठ दिवसांनी दादासाहेब स्वतः ती घेऊन आले. चार गावांत शब्द चालणारा माणूस. कुणाच्या घरात भांडण झालं तर आधी त्यांना बोलावणं जाई.

"झुंबर, ही लागत न्हाय बाबा. टीव्हीवर नुसतं 'डिस्क न्हाय' म्हणतंय."

"आण्णा, बसा. बघतो."

दादासाहेब बसले नाहीत. बाहेर साखर कारखान्यातला कुणी ओळखीचा भेटला, त्याच्याशी बोलत पायरीखाली उभे राहिले. झुंबरनं चकती ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. चकती रिकामी असल्याची पाटी आली. लाइट गेली तेव्हाच सगळं गेलं, असं त्याला त्या क्षणी वाटलं. टेप नाही, फाइल नाही. या माणसाच्या एकुलत्या एका पोराचं लग्न आपण पुसून टाकलं. आता हे पायरीवर उभं राहून दादासाहेब सांगणार, आणि संध्याकाळच्या आत पार जंक्शन गावापर्यंत बातमी जाणार.

टेबलावर स्क्रूड्रायव्हर पडला होता. त्यानं बाहेर पाहिलं. दादासाहेबांची पाठ होती. त्यानं चकती उलटी धरली आणि टोक टेकवून ओढलं. एकदा. मग खात्री वाटेना, म्हणून दुसऱ्यांदा, लांब.

"आण्णा," तो बाहेर येऊन म्हणाला, "कुणी हाताळली ही? चरे पडल्यात बघा."

दादासाहेबांनी चकती हातात घेतली. दोन्ही चऱ्यांवरून बोट फिरवलं.

"नव्या सूनबाईनं लावली हुती," ते शेवटी म्हणाले.

"मग व्हय," झुंबर म्हणाला. "नव्या माणसाला कळत न्हाय."

एवढं एक वाक्य. ते बोलायची काही गरजही नव्हती.

आता ती सूनबाई समोर बसली होती. पस्तिशीच्या आसपासची, उन्हानं रापलेली, मनगटात दोन-दोन काचेच्या बांगड्या. झुंबरनं कॉम्प्युटर चालू केला. ड्राइव्हचा ट्रे अडकला होता, तो त्यानं बारक्या भोकात टाचणी घालून उघडला. मऊ फडकं घेऊन चकती पुसली, मधून कडेकडं, सरळ. गोल फिरवून पुसली तर कचऱ्याचे नवे चरे पडतात, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत असे. आज त्याच्यानं सांगवलं नाही.

पहिल्या ड्राइव्हनं नकार दिला. मग त्यानं खणातून दुसरी, केबलनं जोडायची ड्राइव्ह काढली. तिनं जरा वेळ चाचपडल्यासारखं केलं आणि चकती आहे, पण अपुरी आहे, असं कबूल केलं. झुंबरनं वाचायचा वेग अगदी खाली आणला आणि जेवढं वाचता येईल तेवढं उचलून घेणारं सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावर हिरवे ठिपके एकेक करून भरू लागले.

"निघंल का?" रेश्मानं विचारलं.

"वेळ लागंल."

"लागू द्या. चौदा वर्सं लागली, आजून दोन तास." ती हसली. "तुमाला सांगते भाऊ, ह्या शीडीनं मला लई छळलंय. मी निस्ती पाकिटातनं काढून लावली हुती, तीबी ह्यांनी सांगितलं म्हणून. नखसुदीक लावलं न्हवतं. पर मामा दुकानातनं आलं आन म्हणलं, सूनबाईच्या हातनं चरे पडलं. झालं! दोन वर्सं मला टीव्हीला हात लावू दिला न्हाय आत्यांनी. घरात कायबी फुटलं, बिघडलं, की 'रेश्माच्या हातात दिलं हुतं का?' मिक्सर जळला तरी मीच. आता तर म्हणच झालीया आमच्यात. कायतरी नासलं की म्हणायचं, 'शीडी झाली.' माझी श्रेया आठवीत हाय. तीबी म्हणती, आईच्या हातात मोबाइल दिऊ नका, शीडी हुईल. तिला म्हाईतबी न्हाय कशावरनं म्हणत्यात ते."

झुंबर पडद्याकडं पाहत राहिला. कुणी तरी झेरॉक्सला आलं, त्याला त्यानं मशीन बंद आहे म्हणून सांगितलं.

अर्धं काम झालं आणि तो पडद्याजवळ वाकला. ठिपके हिरवे होते. सगळे. चकतीवर लग्न उतरलं होतं, नीट उतरलं होतं. लाइट गेल्यामुळं फक्त तिचं शेवटचं काम राहिलं होतं. पुस्तक लिहून व्हावं आणि अनुक्रमणिका तेवढी लावायची राहावी, तसं. टीव्हीचा प्लेअर आधी अनुक्रमणिका शोधतो. ती नाही दिसली की चकतीच नाही म्हणतो. त्या दिवशी झुंबरला हे ठाऊक असतं, किंवा त्यानं पुण्यात कुणा जाणकाराला फोन तरी केला असता, तर लग्न जवळजवळ सगळं निघालं असतं. चरे नसते, तर आजही हमखास निघालं असतं.

मग लाल ठिपके सुरू झाले. आखूड चरा आला. तो गेला आणि पुन्हा हिरवं. मग लांब चरा. ड्राइव्ह कण्हत एकाच जागी फिरत राहिली.

तीन वाजता त्यानं निघालेली फाइल उघडली. मांडव दिसला. हळद दिसली. एकवीस वर्षांची रेश्मा मुंडावळ्या सावरत पडद्यावर आली, आणि स्टुलावरच्या रेश्मानं तोंडाला पदर लावला. जेवणाच्या पंगती मधेच तुटल्या, पुढं जुळल्या. शेवटी वरात. हलगीचा आवाज, गर्दी, आणि गर्दीतून तांबडा फेटा बांधलेले दादासाहेब पुढं आले. कुणी तरी त्यांना ओढत होतं. ते नको नको म्हणत हसत होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि चित्राचे चौकोन झाले. चौकोन थरथरले, हलगी तुटक तुटक वाजली, मग नुसतं करडं. पुन्हा चित्र आलं तेव्हा दादासाहेबांचे हात खाली होते आणि ते उपरण्यानं तोंड पुसत होते. थोडं पुढं जाऊन सगळंच थांबलं.

"आन मधलं?" रेश्मानं विचारलं.

"मधलं गेलं."

"चरे पडल्यात तितलं का?"

"व्हय."

तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "काय सांगावं, पाकिटातनं काढताना लागलंबी आसंल माझं बोट. आता मलाच खात्री वाटंना."

झुंबरला तेवढं मात्र सोसवलं नाही.

"वैनी, तुमचं बोट लागलं न्हाय. ते चरे म्या पाडल्यात."

"आँ?"

"स्क्रूड्रायव्हरनं. आण्णा भाईर हुभं हुते तवा. डीव्हीडी माझ्याच चुकीनं बिघडली हुती. माझं नाव जाईल म्हणून भ्यालो. म्या केलं ते." त्यानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा नजर खाली वळवली. "आन ते चरे पाडलं नसतं, तर आज सगळं निघालं आसतं."

रेश्मा रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"लगीन होऊन पंधराच दिस झालं हुतं माझं," ती म्हणाली.

झुंबरनं निघालेली फाइल पेनड्राइव्हवर घालून तो तिच्यापुढं ठेवला.

"चला," ती उठून म्हणाली.

"कुठं?"

"लासुर्ण्याला. आत्यांना दाखवायचं. आन हे जे मला सांगितलं, ते त्यांच्याम्होरं सांगायचं. मी सांगितलं तर खरं धरायच्या न्हाईत त्या."

त्यानं शटर ओढलं. ती स्कूटीवर पुढं, तो मोटरसायकलवर मागं. सणसरच्या फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि ती दिसेनाशी झाली. इथून वळलं तर आडवाटेनं परत दुकानात जाता येत होतं. झुंबरच्या मनात ते आलं. नाही आलं असं नाही. पण ट्रॅक्टर गेला तेव्हा ती पलीकडं स्कूटी थांबवून उभी होती. मागं वळून बघतही नव्हती, नुसती उभी होती.

रेश्माच्या सासूबाई, कुशाबाई, पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत. "या झुंबरराव! निघालं का?" रेश्मानं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. कुशाबाईंनी हळद पाहिली, गेलेली माणसं नावानं मोजली. वरात आली तशा त्या पुढं सरकल्या. दादासाहेबांचे हात वर गेले, चौकोन झाले, मग करडं, आणि रेश्मानं तिथंच थांबवलं.

"घ्या!" कुशाबाई हळहळल्या. "नेमकं हितंच. पोरीच्या हाताला यश न्हाय, काय करावं."

"मावशी," झुंबर म्हणाला. तो अजून उंबऱ्याच्या आतच उभा होता. "ते पोरीनं केलं न्हाय. म्या केलं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. स्क्रूड्रायव्हरसकट, त्या शेवटच्या वाक्यासकट. सांगताना त्याला वाटत होतं की म्हातारी शिव्या देईल, चप्पल फेकून मारील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. कुशाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या रेश्माकडं वळल्या.

"मग तवाच बोलली का न्हाईस गं?"

"बोलले हुते, आत्या. पयल्याच दिशी. तुमी म्हणला, वर तोंड करून खोटं बोलती."

टीव्हीवर करडं चित्र तसंच थांबलं होतं. कुशाबाईंनी शेजारची गोधडी बाजूला सारली आणि पलंगावर जागा केली. "बस हितं," त्या सुनेला म्हणाल्या. "पयल्यापासनं लाव. तुझं बघू दे आता. मघाशी मी तुला बघितलंच न्हाय."

रेश्मा बसली. मांडव पुन्हा दिसू लागेपर्यंत झुंबर तिथंच उभा होता. मग कुणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही, म्हणून तो बाहेर आला. पायात चपला सरकवल्या, मोटरसायकलला किल्ली लावली.

"भाऊ."

रेश्मा दारात आली होती. डोळे ओले होते, पण आवाज सरळ होता.

"श्रेया पाचला येती शाळेतनं. तिलाबी सांगून जावा."

झुंबरनं घड्याळ पाहिलं. साडेचार व्हायला दहा मिनिटं कमी होती. आठवीतल्या पोरीला कुठून सुरुवात करायची, हे त्याला सुचेना. त्यानं किल्ली काढून खिशात ठेवली आणि तो कट्ट्यावर बसला. गल्लीतून जाणाऱ्या एकानं ओळखून हाक मारली, "काय शूटिंगवाले, हिकडं कुणीकडं?"

पाचाच्या सुमारास वळणावर निळ्या गणवेशातली एक मुलगी सायकल हातात धरून मैत्रिणीशी बोलत येताना दिसली. झुंबर कट्ट्यावरून उठला, शर्ट नीट केला, आणि एखाद्या वडीलधाऱ्यापुढं उभं राहावं तसा हात जोडून उभा राहिला.