बाथरूममधल्या निळ्या घोड्याची कैफियत

मित्रांनो, घोडा म्हटलं की तुम्हाला शेपटी आठवेल, आयाळ आठवेल. ते विसरा. रंगारी ज्या दोन पायऱ्यांच्या लाकडी स्टुलावर उभे राहून भिंती रंगवतात, त्यालाही घोडाच म्हणतात. मी तसला. आज भंगारवाल्याच्या दारात तीन पायांवर कलंडून पडलोय, आणि जो येतो तो म्हणतो, याच घोड्याने एका लेकराची हनुवटी फोडली. ऐकून ऐकून कान किटले. आता जरा माझंही ऐका.

एका सुताराने दारांच्या चौकटी करून उरलेल्या लाकडातून मला ठोकलं, आणि रंगाऱ्याने घेतलं. अकरा वर्षं मी त्याला अंगावर उभा केला. छतं, जिने, गॅलऱ्या, काय काय रंगवलं आम्ही! माझ्यावर रंगाचे इतके थेंब सांडून वाळले की पायऱ्या खरखरीत झाल्या. पाय ठेवला की कसा घट्ट बसायचा. "हा आहे म्हणून माझे हातपाय शाबूत आहेत," असं रंगारी चारचौघांत सांगायचा, आणि मी मूर्खासारखा फुशारून जायचो.

रंगाऱ्याला एकच मुलगी, सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई वारली तेव्हा मावशी तिला आपल्याकडे घेऊन गेली, त्याला दोन वर्षं झाली. रंगारी तिला आणायला गेला की मावशीचं एकच म्हणणं: तुमच्या बाथरूममध्ये काळोख, भिंतीला बुरशी, कोपऱ्यात रंगाचे डबे. तिथे पोरीने आंघोळ करायची? आधी ते माणसांत आणा, मग खुशाल न्या तिला. बाई फटकळ होती, पण खोटं काही बोलत नव्हती.

मग रंगाऱ्याने कंबर कसली. खिसा रिकामा, पण हौसेला मोल नसतं. लोकांच्या घरी डब्याच्या तळाशी उरलेला रंग तो मागून आणू लागला. कुणाच्या गॅलरीतला पिवळा, कुठल्या दवाखान्यातला फिका हिरवा. बुरशी खरवडली. पुठ्ठ्यात मासे कापून भिंतीवर त्यांचे ठसे उमटवले, आणि एका माशाला हसरं तोंड काढलं. टाकून दिलेल्या कपाटाचा आरसा भिंगरीच्या उंचीला लावला. शाम्पूची बाटली अर्धी कापून तिच्या ब्रशासाठी टांगली. फुटलेल्या फरशांच्या जागी चार घरांतून आलेल्या चार रंगांच्या फरशा बसवल्या. बेसिन मात्र उंच होतं. ते खाली घ्यायचं तर भिंत फोडा, प्लंबर बोलवा. म्हणून माझी आठवण झाली.

त्याने मला पॉलिशपेपरने घासघासून गुळगुळीत केलं, आणि वरून निळ्या ऑइलपेंटचे पाच हात दिले. पाच! रंगाऱ्याचा सगळा मान चकाकीत. पाणी पडल्यावर त्या चकाकीचं काय होतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. येणार कसं? त्याने आयुष्यभर भिंती रंगवल्या, आणि भिंतीवर कोणी पाय ठेवत नाही. मला कळत होतं, पण मला विचारतो कोण?

रविवारी मावशी भिंगरीला घेऊन आली. बाथरूमच्या दारात उभी राहून तिने भिंतीवरचे मासे एकेक करून पाहिले. मग माझ्यावरून हात फिरवून म्हणाली की अगदी आरशासारखा केलात हो. आता राहू दे पोरीला इथेच, असं म्हणून ती गाडीतली कपड्यांची बॅग आणायला खाली गेली.

भिंगरी नळ उघडून पाण्यात नाचली आणि ओल्या पायांनी माझ्यावर चढली. दुसऱ्या पायरीवर पाय सटकला. हनुवटी बेसिनच्या कडेवर आपटली. रंगारी धावला, तिला उचललं, टॉवेल दाबून धरला. मग त्याची नजर माझ्या पायरीवर गेली. निळ्या चकाकीवर घसरलेल्या टाचेची ओली रेघ होती. चूक कोणाची ते त्याला तिथल्या तिथे कळलं.

जिन्यात मावशीची चप्पल वाजली. मित्रांनो, अकरा वर्षं ज्याला अंगावर वागवलं त्या माझ्या धन्याने एका हातात पोर धरली, दुसऱ्या हाताने मला उचललं आणि माझा पाय उंबऱ्यावर आपटला. एकदा आपटून मोडला नाही, म्हणून पुन्हा आपटला. भिंगरी टॉवेलाआडून बघत होती.

मावशी दारात आली तेव्हा तो म्हणाला, "याचा पाय मोडला हो. जुनाच होता."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मावशीने रक्त पाहिलं, मला पाहिलं आणि भिंगरीला विचारलं, "खरं सांग, हा आधीपासून हलत होता?"

भिंगरीने बापाकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "रोज हलायचा."

रोज! पोर दोन वर्षांनी त्या दिवशीच त्या बाथरूममध्ये आली होती. पण रागाच्या भरात मावशीला तेवढं पुरे झालं.

"मोडका आहे हे माहीत होतं, आणि लेकराला वर चढवलंत?"

रंगाने घसरली, माझंच चुकलं, असं तो आधीच म्हणाला असता तर ती बाई दोन शब्द सुनावून गप्प बसली असती. तिचाही हात फिरला होता ना त्या रंगावरून? पण आता खरं सांगायचं तर पोरीला खोटं पाडावं लागणार होतं. ते त्याच्याने झालं नाही. बॅग उंबऱ्याबाहेरूनच परत फिरली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला शाळेत सांगतात. मी सांगणार नाही. आमच्यावर खुशाल खापर फोडा, आम्ही लाकडाचे. पण उद्या तुम्ही आईबाप व्हाल. तेव्हा लेकराच्या देखत खोटं बोलू नका, कारण ते तुमचीच बाजू घेतं. जिना उतरताना भिंगरी मावशीच्या खांद्यावरून, टॉवेल बाजूला करून, बापाकडे बघून हसली. आपण बाबांना वाचवलं, असंच तिला वाटत होतं.