तांबडी रेघ न आलेलं संपादकीय

विजयसिंहाचं छपाईचं दुकान तालमीला लागूनच. तालमीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका दरसाल तो टाइप करायचा, आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या संयोगिताबाई प्रुफं तपासायच्या. राबायचं ह्यानं आणि संपादक म्हणून नाव बाईंचं! हे त्याला फार सलायचं. एकदा तरी तिथं आपलं नाव यावं, एवढीच बिचाऱ्याची हौस.

अडचण एकच. ह्यानं ओळ टाइप केली, की कॉम्प्युटर शब्दाशब्दाखाली तांबडी रेघ ओढायचा. शेवटी वैतागून बायकोनं, मोनानं, सेटिंगमध्ये 'भाषा आपोआप ओळखा' सुरू केलं, आणि काय सांगू! रेघा गायब. पानच्या पान स्वच्छ. आपलं मराठी सुधारलं, अशी गड्याची खात्रीच पटली.

तालमीच्या मिटिंगला तो छाती काढून उभा राहिला. "यंदा संपादक मी! एक जरी चूक दावली, तर अख्ख्या तालमीला मटणाचं जेवण घालतो!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. यंदा प्रुफं बाईंकडं गेलीच नाहीत.

स्मरणिका छापून झाली, वाटून झाली. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "विजयसिंह, ह्यानं तुमचं मराठी संस्कृत धरलंय. आणि संस्कृतचा शब्दकोश ह्यात नाहीच. तपासणार कशावरून?"

त्यानं स्वतः 'मराठी' निवडलं. तांबडा रस्सा सांडल्यागत पान लालभडक झालं.

"बाई, पाया पडतो, कुठं बोलू नका. जेवण घालतो, पण स्मरणिका निघाली म्हणून घालतो."

रविवारी पंगत बसली. वाढताना हा एकेकाचं तोंड निरखत होता. आता कोण चूक काढतंय? न राहवून त्यानं जोतीरामला विचारलं, "कशी झालीया स्मरणिका?"

"लई भारी की!" जोतीराम म्हणाला आणि हाडं ठेवायला त्यानं तिचंच पान फाडलं. नेमकं ह्यानं लिहिलेल्या संपादकीयाचं. कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

विजयसिंह रश्श्याची बादली घेऊन तसाच उभा राहिला. पलीकडं संयोगिताबाई दहीभात खात होत्या. शेजारी त्यांची प्रत, पानापानावर तांबड्या पेनाच्या खुणा. अख्ख्या तालमीत त्याचं लिहिलेलं वाचलं होतं ते ह्या एकट्या बाईनं.

बादली खाली ठेवून तो त्यांच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "बाई, चुका ऱ्हाऊ देत. वाचून कसं वाटलं, तेवढं सांगा की."