गॅलरीतल्या सळया

मैनाला गॅलरीत चीर दिसली आणि डोळ्यांपुढे आधी आला तो दीर. नव्या घराच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या दाराला लागून, केसाएवढी बारीक चीर फरशीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. घराचं काम घेतलं होतं अल्पेशने, तिच्या नवऱ्याच्या, बुधाजीच्या धाकट्या भावाने. सळया त्यानेच आणलेल्या, त्यानेच बांधलेल्या. मग चीर पडली म्हणजे सळया कमी; त्या खाल्ल्या कोणी?

झालं! संध्याकाळच्या आत उरणकडच्या सगळ्या सोयऱ्यांना कळलं, की अल्पेशने सख्ख्या भावाच्या घरातलं लोखंड खाल्लं. तो गप्पच राहिला. आता गप्प बसणारा माणूस मैनाला कधी सरळ वाटलाय? त्याच्या दारातली नवी मोटारसायकलसुद्धा तिला आपल्याच सळयांची वाटायला लागली.

पण खरी धास्ती होती ती वेगळीच. पुढच्या आठवड्यात लेकीची, कल्पिताची हळद. आगऱ्यांची हळद म्हणजे काय सांगायचं! खाली डीजे, वर गॅलरीत नवरी आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी, आणि एका ठेक्यावर उड्या. त्या चिरेशेजारी उड्या!

बुधाजीचे ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात. त्याला बंदरापुढे घर दिसत नाही. तो म्हणाला, रंग मार, दिसणार नाही. ती भडकली आणि तिने अलिबागहून सलिल नावाच्या इंजिनिअरला बोलावलं.

सलिलने सळया शोधायचं यंत्र फिरवलं, गॅलरी वरून खालून जराशी खरवडली आणि सांगितलं, सळया पुऱ्या आहेत, एक कमी नाही. मैनाचे डोळे बारीक झाले. म्हणजे यालाही अल्पेशने गाठलं तर! येताना चहा कोणाकडे घेतलात, असं तिने विचारूनही टाकलं.

तो बिचारा हसला. त्याने हात समोर ताठ धरला आणि तिला पंजावर भार द्यायला लावला. ताण खांद्याच्या वरच्या अंगाला येतो, म्हणाला. गॅलरी तशीच, एका बाजूने धरलेली, बाहेर अधांतरी. म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. इथे ती पार तळाला गेली होती. तिथे असली काय नि नसली काय, सारखंच.

"काँक्रीट टाकायच्या आधी या सळयांवर कोण चढलं होतं?" त्याने विचारलं.

मैनाला सगळं आठवलं. स्लॅबच्या दिवशी नारळ फोडायला अख्खी भावकी वर गेली होती. गॅलरीतून खाडी दिसते म्हणून सगळ्या बाया तिथेच फोटोला दाटीवाटीने उभ्या राहिल्या, पुढे आरतीचं ताट घेऊन ही. सळया पायाखाली दबत होत्या. अल्पेश खाली उतरा म्हणून ओरडत होता आणि हिने त्याला चारचौघांत झापलं होतं, की देवाच्या कामात आडवा येऊ नको.

सलिलने गॅलरीला कुलूप घालायला सांगितलं. आत्ता खालून टेकू, लग्नानंतर पाडून नवी बांधायची. मैनाने दिराला निरोप धाडला नाही, लाज वाटली. तरी बुधाजीकडून कळल्यावर दुसऱ्या दिवशी तो लोखंडी टेकू घेऊन आपणहून आला आणि एकेक ठोकून बसवून गेला. तिच्याकडे बघितलंही नाही.

हळदीला नाच अंगणात झाला. पोरी हिरमुसल्या, मग विसरल्या. अल्पेश मात्र जिन्याच्या तोंडाशी उभा, कोणाला वर सोडीना. मैना हळदीची वाटी घेऊन त्याच्यापुढे गेली. त्याने तोंड मागे घेतलं.

"सळया मी परत उचलून घ्यायला पाहिजे व्हत्या. काँक्रीटची गाडी खाली उभी व्हती, राहून गेलं. तेवढं माझं चुकलं," तो म्हणाला. "पण चोर न्हाय मी, वयनी. गावभर झालंय ते. आता मला कामाला कोण बोलावील?"

मैना तशीच वळली. गर्दीतून वाट काढत डीजेवाल्यापाशी गेली आणि त्याला गाणं बंद करायला लावलं. नाचणारे थांबले, बुधाजी काय झालं म्हणून धावत आला. तिने हळदीच्या हातांनी माईक धरला.

"माझ्या दिराने लोखंड खाल्लं न्हाय," ती म्हणाली. "सळया मी तुडवल्या. तो उतर म्हणत व्हता, मी ऐकलं न्हाय."