थंडी बघायला

शेगडी डिकीत उभी राहीना, तेव्हा संजनाने ती आडवी केली आणि घसरू नये म्हणून तिला तांदळाची पिशवी लावली. वर स्वेटरांचं गाठोडं ठेवलं. पाववाल्या पदेराकडून सकाळी घेतलेले उंडे अजून गरम होते. ते कागदात बांधून तिने पुढे ठेवले. मग ती अंगणात हात झटकत उभी राहिली, कारण आई अजून सोप्यावरच्या बाकावरच होती. साडी बदललेली होती, चपला पायात होत्या, पण उठण्याचं लक्षण नव्हतं.

वाड्यावरच्या सर्वेशने आपली ओमनी चालू केली आणि पुन्हा बंद केली.

"वरीस व्हायचं आहे अजून," आई म्हणाली. "लोक काय म्हणतले?"

"लोक काय म्हणायचं ते घरी बसलो तरी म्हणतात."

शेजारच्या कमलाक्षी आपल्या तुळशीला चुना लावत होत्या. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. वाड्यावरची सगळी वृंदावनं पांढरीशुभ्र झाली होती, संजनाच्या घरचं तेवढं शेवाळलेलं राहिलं होतं. चुन्याचा हात तसाच धरून त्या कुंपणापाशी आल्या आणि कुठे निघालात म्हणून त्यांनी विचारलं.

"डॉक्टराकडे," आई म्हणाली.

कमलाक्षींनी उघड्या डिकीकडे पाहिलं. शेगडी, तांदूळ, गाठोडं.

"बरो डॉक्टर गो शेवंती. शेगडी घेवन येयात म्हणता?"

सर्वेशने तोंड फिरवलं. आता आईला बसून राहण्यापेक्षा निघून जाणं सोपं होतं. ती उठली, दाराला कुलूप लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. शेजारी तिने आपली पिशवी ठेवली. संजना पुढे बसली आणि उंडे मांडीवर घेतले.

नार्वे मागे पडलं. कापणी झालेल्या शेतांत बगळे उभे होते. नदीकडचा रस्ता आला तेव्हा आईने मान दुसरीकडे वळवली. संजनाचे वडील गोकुळदास फेरीबोटीवर नोकरीला होते. जन्मभर या काठावरून त्या काठावर. सपाट पाणी पाहून पाहून त्या माणसाला डोंगराची ओढ लागली असावी. दिवाळी झाली की ते घरच्यांना घेऊन चोर्ला घाट चढायचे. थंडी बघायला जाऊया, म्हणायचे. जसं कुणा नातेवाइकाला बघायला जावं तसं. घाटावरच्या एका गावात त्यांच्या ओळखीचा गोपाळ होता, त्याच्या गोठ्यापलीकडे एक खोली होती. तांदूळ आपले, शेगडी आपली. चटईवर सगळे एका रांगेत झोपायचे. पहाटे संजना आणि तिचा भाऊ गौरेश अंगणात जाऊन तोंडातून वाफ सोडायचे आणि कुणाची लांब गेली त्यावरून भांडायचे. हॉटेलाचं नाव त्या घरात कधी निघालं नाही, आणि कुणाला त्याची उणीवही वाटली नाही.

श्रावणात वडील गेले. तेव्हापासून घरात दोघीच होत्या. संजना शाळेतून यायची, आई चहा ठेवायची. मग आई आतल्या खोलीत आणि संजना बाहेरच्या. दोन्हीकडे दिवे, मधल्या दारात अंधार. रात्री पलीकडे आई कूस बदलते आहे हे तिला कळायचं. आपण जाग्या आहोत हे आईलाही कळत असणार. पण उठून कुणी येत नव्हतं. गोपाळकडे एकच खोली होती. तिथे एकाच चटईवर झोपावं लागेल. एवढ्याचसाठी संजनाने हे सगळं ठरवलं होतं, आणि एवढंच ती कुणाला सांगू शकत नव्हती.

साखळीच्या पुढे गौरेशचा पुण्याहून फोन आला. आई जेवते का, गोळ्या घेते का, विचारलं. या वर्षी हे कशाला काढलंस, मे महिन्यात आपण सगळेच कुठेतरी चांगल्या ठिकाणी गेलो असतो, मी बुकिंग केलं असतं, असंही म्हणाला. संजना हो म्हणत राहिली. शेवटी त्याने आईला जप म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. ती स्क्रीन विझेपर्यंत पाहत राहिली. गेले काही महिने घरी येणारा प्रत्येक माणूस तिला हेच सांगून जात होता. ती चहाचे कप गोळा करत मान हलवायची. एकदा निघताना कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तोसुद्धा तू आहेस म्हणून आईला आधार आहे हे सांगण्यापुरता.

"गौरेश?" आईने मागून विचारलं.

"हो. सांभाळून जा म्हणाला."

केरीच्या बाजारात आई म्हणाली की डोकं दुखतंय. धरणाच्या वळणावर म्हणाली की गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. निघताना संजनाने गॅस बघितला, काकी, असं सर्वेशने तिला आरशातून सांगितलं.

घाट सुरू होण्याआधी रस्त्याच्या कडेला एक जुना आंबा आहे. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड, पुढे विड्यांची थोटकं, सुकलेली फुलं. वाटेचा राखणदार. वर जाणारा ड्रायव्हर तिथे विडी ठेवल्याशिवाय पुढे जात नाही. सर्वेशने सवयीने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

दर वर्षी इथे वडील उतरायचे. चपला काढायचे, विडी आणि पान-सुपारी दगडापुढे ठेवायचे आणि घरच्या एकेकाचं नाव घेऊन सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालायचे. बाकीचे मागे हात जोडून उभे राहायचे.

"सर्वेशदादा, तुम्ही घाला," संजना म्हणाली.

"म्हजी गाडी, पण माणसं तुमची. घरच्यान घालूक जाय."

"परत फिरूया," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "गाऱ्हाणं घालणारो माणूस ना आता. तसंच वर जायचं नाही. फिरव रे सर्वेश."

सर्वेशने चावीला हात लावला.

संजनाने उंडे सीटवर ठेवले आणि दार उघडलं. खाली उतरून तिने सर्वेशकडे हात पुढे केला. त्याने खिशातून विडी काढून दिली. सुपारी तिच्या पर्समध्ये होती, पान नव्हतं. आंब्याचं एक पान तोडून तिने त्यावर दोन्ही ठेवलं आणि चपला काढल्या. खडी टोचत होती. बाईने गाऱ्हाणं घातलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. आपल्याला येतं की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. पण तोंड उघडल्यावर शब्द आले, वडिलांच्या चढ-उतारासकट.

"बा देवा म्हाराजा, वाटेच्या राखणदारा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाकडे उभी आसत. पान-सुपारी ठेवली आसा, ती मान्य करून घे."

"होय म्हाराजा," सर्वेश मागून म्हणाला. तो कधी उतरला होता ते तिला कळलं नाही.

"शेवंतीक सांभाळ. गौरेशाक, त्याच्या बायलेक सोनालीक, लेकराक साईशाक, ती लांब आसत तरी सांभाळ. गाडी हाकतलो सर्वेश, त्याका सांभाळ. वर चढतले तशेच सुखान खाली येऊ देत. चुकला-माकला पोटात घाल म्हाराजा."

"होय म्हाराजा."

संपलं होतं. ती हात जोडून उभी राहिली. वरून एक ट्रक ब्रेक दाबत उतरला, धूळ खाली बसली.

"आणि संजनाक."

आई गाडीच्या दारापाशी उभी होती. एक हात दारावर, एक छातीशी.

"संजनाक सांभाळ," ती पुन्हा म्हणाली, दगडाकडे बघत.

सर्वेशला काय करावं कळेना. मग त्याने सावकाश म्हटलं, "होय म्हाराजा."

संजना वळली. "माझं राहिलं होतं?"

"घालणारो आपलं नाव घेत नाही. मागे उभं असतं त्यान घ्यायचं."

"मग बाबांचं?"

"मी घ्यायची. मनातल्या मनात." आईने पदराने ओठ पुसले. "गेल्या वर्षी गौरेशच्या घरभरणीक पुण्याला गेलो. हंगा, या आंब्याकडे, आलोच नाही. त्यांचं नाव राहिलं."

संजना तिच्याकडे पाहत राहिली. सकाळपासूनच्या सगळ्या सबबी, डोकं, गॅस, लोक, एकेक करून तिच्यासमोर गळून पडल्या. काहीतरी म्हणायला हवं होतं. असं काही नसतं, आई. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं आईला माहीत होतं. तिने वाकून चपला घातल्या. एक पट्टा लागेना, तो तसाच सोडला.

"मोठ्यान कशाक घेतलं मग आज?" तिने विचारलं.

आई गाडीत चढली. सर्वेशने आपल्या जागेवर बसून चावी फिरवली. संजनाने पुढचं दार धरलं होतं, तेवढ्यात मागे सळसळ झाली. आईने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती आणि ती खिडकीकडे सरकली होती.

"थंय नको," ती म्हणाली. "हंगा बस."