दादाचं शेवटचं वाक्य

सायकलफेरी निघाली त्या सकाळी सगळ्यांत जास्त फोटो निघाले ते दिराचे. एक पाय जमिनीला टेकवलेला, नजर कुठेतरी लांब, आणि छातीवर मेलेल्या भावाचा चेहरा छापलेला. तसाच चेहरा बाकी सगळ्यांच्याही टी-शर्टवर होता. कुणाच्या पोटावर ताणलेला, कुणाच्या बगलेकडे सरकलेला. वहिनीच्याही, साडीवरून चढवलेल्या टी-शर्टवर. स्वतःच्या नवऱ्याचं तोंड छातीवर घालून मिरवायची वेळ तिच्यावर आली होती आणि ती मुकाट्याने आली होती, कारण तिला एक काम उरकायचं होतं.

काम एवढंच. नवऱ्याच्या किडन्या गेल्या तेव्हा ह्याच सख्ख्या भावाची किडनी जुळली होती. "देतो" म्हणाला, आणि मग जो पसार झाला तो थेट मयतालाच उगवला, काळा चष्मा लावून. जाण्याआधी नवरा तिला म्हणाला होता, "भाऊ येणार नाही. वाट बघू नकोस. झोप तू." पुढे तो बोललाच नाही. हे वाक्य तिला चारचौघांत, माइकवरून, दिराच्या तोंडावर म्हणायचं होतं. त्याची मान खाली गेलेली बघायची होती. मग ती घरी जायला मोकळी.

आणि आता हाच दिवटा डायलिसिसच्या मशीनसाठी गावोगाव सायकल हाकायला निघाला होता. करून करून भागला नि देवपूजेला लागला, दुसरं काय!

सायकलचं तिला नवल नव्हतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होती आणि कामावर वर्षानुवर्षं सायकलनेच जायची. बाकीची मंडळी हौशी. चढ आला की धापा टाकायची, उतार आला की जीवनावर बोलायची.

"वहिनी, तुमचा दम भारी हो," दातांची डॉक्टरीण शेजारी पॅडल मारत म्हणाली. "खाता तरी काय?"

"सुपरवायझरच्या शिव्या."

डॉक्टरीण हसता हसता खड्ड्यात जायची वाचली.

फेरीची एक पद्धत होती. गावाच्या अलीकडे सगळ्यांनी थांबायचं. मागे राहिलेले गोळा व्हायचे, सामानाच्या टेम्पोत बसून आलेले उतरायचे, तोंडं पुसायची, आणि मग दिराला पुढे घालून एका रांगेत गावात शिरायचं. बघणाऱ्याला वाटावं, अख्खा रस्ता असेच आलेत. दीर बहुतेक टेम्पोतूनच उतरायचा. आत तो म्हणे नियोजन करायचा.

पहिल्या मुक्कामाला, शाळेच्या हॉलमध्ये, तो म्हणाला, "दादा गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. म्हणाला, 'छोट्या, थांबू नकोस.'" हॉलमध्ये नाकं ओढली गेली. दुसऱ्या मुक्कामी दादाचं वाक्य वाढलं होतं, "'छोट्या, माझ्यासारख्यांसाठी पॅडल मार.'"

नवऱ्याने त्याला जन्मात छोट्या म्हटलं नव्हतं. 'आमचा नग' म्हणायचा.

टेम्पोपाशी केळी वाटत होते तिथे तिने त्याला गाठलं. "भाऊजी, हात कधी धरलात हो तुम्ही? तुम्ही तर फोन धरत नव्हतात."

"वहिनी, लोकांना गोष्ट लागते. नुसत्या आजाराला कोण खिशात हात घालतो?"

"मग मला बोलू द्या एकदा."

"बोला की! उद्याच बोला. बाईमाणूस रडलं की..." पुढचं त्याने केळ्याबरोबर गिळलं.

पुढचा कार्यक्रम कारखान्याच्या कँटीनमध्ये होता. पाळी सुटलेले कामगार तेलकट कपड्यांनीच बसले होते. वहिनीने माइक हातात घेतला. रडली नाही.

"माझा नवरा गेला तेव्हा मी तिथे होते. हे भाऊजी तिथे नव्हते. ह्यांची किडनी जुळली होती आणि हे पळाले. हा... हा माणूस पळाला. नवरा मला म्हणाला, 'भाऊ येणार नाही. वाट बघू नकोस. झोप तू.' हे त्याचं शेवटचं. बाकी सगळं थोतांड."

तिने दिराकडे बघितलं. मान खाली गेली होती! तिच्या जिवाला थंडावा मिळाला. पण घटकाभरच. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो उठला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिच्या हातातल्या माइकमध्ये हुंदके देत म्हणाला, "खरंय. मी भित्रा निघालो. म्हणूनच आज हे पॅडल मारतोय."

आधी एक टाळी पडली, मग सगळं कँटीन उभं राहिलं. मदतीची पेटी फिरली ती कोंबून भरली. एका धिप्पाड फिटरने दिराला मिठी मारली. "एवढं कबूल करायला छाती लागते, साहेब!"

वहिनीला कुणी मिठी मारली नाही. एक बाई तेवढी जवळ आली. "करा हो माफ आता. किती रडतोय बिचारा!"

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दीर तिच्या शेजारी येऊन बसला. डोळे लाल, आवाज ठणठणीत. "वहिनी, काय बोललात! उद्या अगदी तसंच. फक्त 'झोप तू'च्या आधी जरा थांबा. लोकांना श्वास घेऊ द्या."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. तीच तर सांगत फिरणार आता."

"मी नाही सांगणार. उद्या घरी जाते मी."

"जा की. मग मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात कार्यक्रम होता. वहिनी पिशवी घेऊन दाराशीच उभी राहिली; बसचा थांबा समोरच होता. दिराने काहीच सोडलं नाही. बंद ठेवलेला फोन सांगितला, मयताला लावलेला काळा चष्मासुद्धा सांगितला. लोक माना डोलवत होते. मग बोलून बोलून दमलेल्या घशाने, हळू, जवळजवळ स्वतःशीच तो म्हणाला,

"भाऊ येणार नाही. वाट बघू नकोस."

थांबला.

"झोप तू."

आवाज नवऱ्याचा होता. एका आईच्या पोटचे दोघे. घसा तोच, 'तू' ओढायची रीत तीच. भाषणाच्या आरडाओरड्यात तो कधी कळला नव्हता. घरात नवऱ्याचे फोटो होते, शर्ट होते. आवाज मात्र कुठे राहिला नव्हता. वहिनीने दाराची चौकट घट्ट धरली. जिथे तो असायला नको होता, नेमका तिथेच नवरा सापडला होता.

बाहेर बस येऊन थांबली.

"वहिनी, तुमची बस!" डॉक्टरीण धावत आली. "पिशवी धरू का?"

"जाऊ दे तिला."

"म्हणजे पुढे येताय आमच्याबरोबर?"

वहिनीने पदराला डोळे नाही, नाक पुसलं. आत टाळ्या थांबत नव्हत्या.

"त्या हलकटाला सांगा," ती म्हणाली, "गार पाणी पिऊ नकोस म्हणावं. घसा बसेल."